फिजिक्समध्ये गणित येतंच, मग वेगळं गणित कशाला घ्यायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झालं, इंजिनिअरिंगला जायचं नाही, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आवडतात. बी.एस्सी.ला दोन्ही ठेवावेत का? मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता धरावा आणि मायनर, म्हणजे जोडविषय, कोणता? घरचे म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. सीनिअर म्हणतात, फिजिक्सला 'मॅथेमॅटिकल मेथड्स'चा पेपर असतोच, वेगळं गणित घेऊन डोक्याला ताप कशाला? आणि शेवटी तू हळूच लिहिलं आहेस की गणितात मार्क चांगले पडतात, पण फिजिक्सची न्यूमरिकल्स जमत नाहीत.

मी सीनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं आणि मध्ये काही वर्षं गणित विभागाचे डिफरन्शिअल इक्वेशन्सचे तासही घेतले. त्यामुळे दोन्ही स्टाफरूममध्ये एकमेकांबद्दल काय बोललं जातं ते ऐकून आहे. माझं उत्तर, दोन्ही घे. फक्त फिजिक्सला हाताशी असावं एवढ्यासाठी गणित घेणार असशील तर घेऊ नकोस. तेवढ्या कामाला मेथड्सचा पेपर पुरतो, सीनिअर बरोबर सांगतात. तो पेपर रीत शिकवतो: हे समीकरण आलं की असं सोडवायचं, हा इंटिग्रल आला की असा काढायचा. ती रीत कुठे लागू पडत नाही, लागू पडते तिथे नेमकी कशाच्या जोरावर, हे तिथे कुणी सांगत नाही. तेवढा वेळच नसतो. ते कळावं म्हणून गणित वेगळं घ्यायचं.

नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एफ.वाय.च्या पहिल्या काही प्रॅक्टिकल्समधलं एक घेऊ. सिंपल पेंड्युलम. दोरी एक मीटर, खाली बॉब, २० दोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून जी काढायचा. सूत्र तुला पाठ आहे: आवर्तकाळ बरोबर टू पाय गुणिले एल भागिले जीचं वर्गमूळ. हे सूत्र ज्या समीकरणातून येतं त्यात खरं तर साइन थीटा असतो. आपण तो काढून तिथे नुसता थीटा ठेवतो आणि जर्नलमध्ये लिहितो, 'कोन लहान असताना'. बस, एवढंच. लहान म्हणजे किती लहान, हे जर्नल विचारत नाही.

आता आकडे घाल. एक मीटर लांबीला आवर्तकाळ सुमारे २.००७ सेकंद येतो, म्हणजे २० दोलनांना ४०.१ सेकंद. कोन ५ अंश ठेवलास तर साइनऐवजी थीटा घेतल्याने पडणारा फरक ०.०५ टक्का, २० दोलनांत सेकंदाचे फक्त दोन शतांश. हाताने स्टॉपवॉच दाबताना दशांश-दोन दशांश सेकंद इकडे-तिकडे होतोच, त्यामुळे तो फरक तुला दिसणारच नाही. पण घाईघाईत बॉब ३० अंशांवरून सोडलास तर फरक १.७ टक्के होतो. २० दोलनांत जवळपास ०.७ सेकंद. हा स्टॉपवॉचवर सरळ दिसतो. जी काढताना आवर्तकाळाचा वर्ग होतो, म्हणून चूक दुप्पट होते आणि ९.८ च्या जागी ९.४७ च्या आसपास उत्तर येतं. (दोलनं चालू असताना कोन उतरत जातो, म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरतो.) मग व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, 'जी कमी का आला?' आणि वर्गातली निम्मी मुलं 'सर, हवेचा विरोध' म्हणून मोकळी होतात.

या एका प्रॅक्टिकलमध्ये दोन्ही विषय आपापलं काम करताना दिसतात. काय गाळलं तरी चालतं, हे फिजिक्स शिकवतं. तेही हवेत नाही, तुझ्या हातातल्या स्टॉपवॉचच्या हिशेबाने. गणित सांगतं, गाळलेला भाग जास्तीत जास्त किती असू शकतो. टेलरच्या प्रमेयातलं शेवटचं पद, ज्याला आपण परीक्षेत 'रिमेंडर' म्हणून पाठ करतो, तेच इथे कामाला येतं. थीटा आणि साइन थीटा यांतला फरक थीटाच्या घनाच्या सहाव्या भागापेक्षा मोठा नसतो, हे सिद्ध करता येतं. त्याच्याही पुढे जायचं तर आवर्तकाळाचं अचूक सूत्र एलिप्टिक इंटिग्रलमध्ये येतं, म्हणजे नेहमीच्या फलनांत न सुटणाऱ्या इंटिग्रलमध्ये. त्याची श्रेणी मांडली की पहिली दुरुस्ती थीटाचा वर्ग भागिले १६ निघते, थीटा अर्थात रेडियनमध्ये. वरचे टक्के मी तिथूनच काढले. नुसतं फिजिक्स केलेला मुलगा 'लहान' लिहून पुढे जातो, नुसतं गणित केलेली मुलगी प्रमेय सिद्ध करून वही मिटते, आणि १.७ टक्के म्हणजे स्टॉपवॉचवर जवळपास ०.७ सेकंद हे दोघांनाही दिसत नाही.

दुसरं उदाहरण एस.वाय.चं, थर्मोडायनॅमिक्समधलं. दाब, आकारमान आणि तापमान, तिघं एका समीकरणाने बांधलेले. तापमान स्थिर ठेवून दाबाचं आकारमानाशी पार्शल डेरिव्हेटिव्ह, दाब स्थिर ठेवून आकारमानाचं तापमानाशी आणि आकारमान स्थिर ठेवून तापमानाचं दाबाशी, असे तिन्ही गुणायचे. फिजिक्सच्या तासाला डीवाय, डीएक्स आपण सर्रास अपूर्णांकासारखे उडवतो. त्या सवयीने मुलं वरचं खालचं उडवतात आणि उत्तर १ लिहितात. खरं उत्तर वजा १ आहे. आदर्श वायूवर स्वतः करून बघ. पहिला येतो वजा पी भागिले व्ही, दुसरा आर भागिले पी, तिसरा व्ही भागिले आर. गुणाकार वजा १. दोन ओळींचं काम.

पुस्तक हे सूत्र देतं, मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात. पण उणे आला कुठून? प्रत्येक डेरिव्हेटिव्हमध्ये स्थिर ठेवलेली राशी वेगळी आहे, म्हणून ते एकमेकांना उडवू शकत नाहीत. तीन राशींना बांधणाऱ्या समीकरणातून एकीला दुसऱ्या दोघींचं फलन म्हणून कधी लिहिता येतं, हा मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसमधल्या इम्प्लिसिट फंक्शन थिअरमचा विषय. तो गणिताच्या पेपरात येतो आणि तिथे त्याला वायूचा वासही नसतो. मी तो तास गणिताच्या वर्गात घेतला तेव्हा फळ्यावर पी-व्ही-टी लिहिलं, तर फिजिक्स घेतलेल्या मुलांनी मान वर केली आणि बाकीच्यांनी 'हे पोर्शनमध्ये आहे का' विचारलं. तो प्रश्न तूही विचारशील. विचार, पण उत्तर 'नाही' आलं तरी वही मिटू नकोस.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. टी.वाय.ला क्वांटम मेकॅनिक्सच्या सुरुवातीलाच फळ्यावर येतं: एक्स गुणिले पी, वजा पी गुणिले एक्स, बरोबर आय गुणिले एच-बार. एक्स म्हणजे स्थान, पी म्हणजे संवेग, आय म्हणजे वजा १ चं वर्गमूळ आणि एच-बार हा एक स्थिरांक. हे ऑपरेटर आहेत, मॅट्रिक्ससारखे समज, असं सर सांगतात. १९२५ साली हायझेनबर्गने नवी मांडणी केली तेव्हा त्याला मॅट्रिक्स माहीतही नव्हत्या. त्याचा विचित्र गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार आहे हे मॅक्स बॉर्नच्या लक्षात आलं, कारण त्याने विद्यार्थिदशेत ते गणित शिकलेलं होतं. तर आपण मॅट्रिक्सच समजू. एस.वाय.च्या लिनिअर अल्जेब्रात तू ट्रेस शिकलेली असशील, मुख्य कर्णावरच्या घटकांची बेरीज. ए गुणिले बी आणि बी गुणिले ए, या दोन्ही गुणाकारांचा ट्रेस नेहमी सारखाच असतो. म्हणजे आपल्या समीकरणाच्या डाव्या बाजूचा ट्रेस शून्य. उजव्या बाजूला आय एच-बार गुणिले आयडेंटिटी मॅट्रिक्स. एन बाय एन मॅट्रिक्स असेल तर तिचा ट्रेस एन गुणिले आय एच-बार. तो शून्य नाही.

म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचं मूळ समीकरणच चुकीचं? वर्गात हा प्रश्न स्वतःहून विचारणारा विद्यार्थी क्वचित भेटतो आणि ज्याने विचारला त्याने गणित मनापासून घेतलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. उत्तर असं की कितीही मोठी पण मर्यादित आकाराची मॅट्रिक्स घेतली तरी हे समीकरण पाळता येत नाही. अनंत मितींचं अवकाश घ्यावं लागतं. तिथेही सुटका नाही. दोन्ही ऑपरेटर 'बाउंडेड' असतील, म्हणजे फलनाला एका ठरावीक पटीपेक्षा जास्त मोठं करत नसतील, तर हे समीकरण शक्यच नाही, हे गणितज्ञ विंटनरने १९४७ मध्ये दाखवलं. म्हणून एक्स आणि पी यांतला निदान एक तरी असा असतो की तो प्रत्येक फलनावर चालवताच येत नाही. कोणत्या फलनांवर चालतो ते आधी ठरवावं लागतं. हर्मिशियन आणि सेल्फ-अॅडजॉइंट यांतला फरक इथूनच सुरू होतो. फिजिक्सच्या पेपरात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरून पूर्ण मार्क मिळतात. मिळू देत.

फायदा कळला असेल, आता त्रास.

पहिला त्रास वेळेचा. दोन विभाग एकमेकांशी बोलून अभ्यासक्रम आखत नाहीत. मेकॅनिक्सला पहिल्या सेमिस्टरमध्ये डिफरन्शिअल इक्वेशन लागतं आणि गणित विभाग ते बहुतेक ठिकाणी नंतर शिकवतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिझममध्ये गाउस आणि स्टोक्सची प्रमेयं आधी वापरून होतात, त्यांची रीतसर मांडणी नंतर येते. मग तुला आधी वापर आणि मागाहून कारण असं उलट्या क्रमाने शिकावं लागतं. यावर मी मुलांना एकच सांगायचो, एक तिसरी वही ठेवा. फिजिक्सच्या तासाला 'हे गणितात येईलच' किंवा 'इथे हे चालतं असं धरू' असं वाक्य आलं की ती पायरी तारीख टाकून त्या वहीत उतरवायची आणि खाली अर्धं पान कोरं सोडायचं. गणितात तो भाग आला की ते पान भरायचं. इम्प्लिसिट फंक्शनचं पान बऱ्याचदा एखादं वर्ष कोरं राहतं. ट्रेसच्या बाबतीत उलटं होतं. गणित आधी होऊन जातं आणि ते आपल्याला लागणार आहे हेच टी.वाय.पर्यंत कुणाच्या ध्यानात नसतं.

दुसरा त्रास खुणांचा. हा ऐकायला किरकोळ वाटतो, पण एस.वाय.ला मार्क खातो. फिजिक्सच्या पुस्तकात स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये थीटा हा झेड अक्षापासूनचा कोन असतो आणि फाय भोवतालचा. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत नेमकं उलटं. कॉम्प्लेक्स काँज्युगेटला इकडे तारा, तिकडे वर रेघ. इनर प्रॉडक्टमध्ये फिजिक्सवाले दुसऱ्या जागेला लिनिअर धरतात, गणितवाले बहुधा पहिल्या. फूरिए ट्रान्सफॉर्ममध्ये टू पाय कुठे ठेवायचा यावर तर फिजिक्सच्या दोन पुस्तकांचंही एकमत नाही. प्रत्येक पेपरच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या त्या सरांच्या खुणा लिहून ठेव. दोन्ही पेपर एकाच आठवड्यात असतात तेव्हा ते पान उपयोगी पडतं.

तिसरा त्रास मोठा, तासांचा. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये १५ तास धरतात आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे दोन क्रेडिटचं फिजिक्स प्रॅक्टिकल आठवड्याला चार तास घेतं, जर्नल घरी लिहायचं ते वेगळं आणि सर्टिफाय करून घ्यायला मॅडमच्या केबिनबाहेर उभं राहायचं ते त्याहून वेगळं. गणिताला दिसायला एवढे तास नसतात. पण रिअल अॅनालिसिसमधल्या, म्हणजे कॅल्क्युलस काटेकोरपणे सिद्ध करणाऱ्या विषयातल्या, एका प्रमेयाची सिद्धता खरोखर कळायला एक संध्याकाळ जाते आणि त्याची नोंद कोणत्याही टाइमटेबलमध्ये नसते. दोन्ही विषय घेणारी मुलं मागे पडतात ती बहुतेक इथेच. जर्नलला तारीख असते, सिद्धतेला नसते, म्हणून सिद्धता 'नंतर बघू'मध्ये जाते. पहिल्या इंटर्नलला एप्सिलॉन-डेल्टाने, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येने, दणका दिला की मग धावपळ.

त्या दणक्याबद्दल घरी आधीच सांगून ठेव. बारावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेली मुलं अॅनालिसिसच्या पहिल्या चाचणीत पास-नापासाच्या सीमेवर येतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणं. इथे उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं, 'सिद्ध करा' म्हणून. ते का खरं आहे हे एकेका वाक्यात न घसरता लिहायचं असतं. हे लिहिणं स्वतःचं स्वतः तपासता येत नाही, सगळं बरोबरच वाटतं. वर्गातल्या दोघी-तिघी मिळून एकमेकींच्या सिद्धता लाल पेनाने तपासा. क्लास लावण्यापेक्षा हे बरं. बी.एस्सी. मॅथ्सचे बरेच क्लास सिद्धता पाठ करून घेतात आणि पाठ केलेल्या सिद्धतेत एक अट बदलून विचारली की पोरं कोरा पेपर देतात.

आता मेजर आणि मायनर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने ठेवून दुसऱ्या वर्षी मेजर ठरवता येतो. तुझ्या कॉलेजात तसं असेल तर घाई करू नकोस. नसेल आणि दोन्ही विषय खरोखर सारखेच आवडत असतील, तर फिजिक्स मेजर आणि गणित मायनर, असं माझं मत आहे. कारण अगदी व्यवहारी आहे. स्पेक्ट्रोमीटर घरी आणता येत नाही. अॅनालिसिसचं पुस्तक आणता येतं, आणि स्वयम् किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे संपूर्ण कोर्स फुकट आहेत. अर्थात मायनरला क्रेडिट मेजरच्या मानाने फारच कमी असतात. म्हणून मायनरच्या नावाखाली प्रत्यक्ष कोणते पेपर मिळणार ते आधी बघ. लिनिअर अल्जेब्रा, रिअल अॅनालिसिस, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन्स हे चार असतील तर उत्तम. काही कॉलेजांत मायनरला तुलनेने सोपे आणि मार्क देणारे पेपर ठेवतात. ते घेऊन गुणपत्रिका छान दिसेल, पण वरच्या तिन्ही उदाहरणांत काही कामाला येणार नाही.

पुढे एम.एस्सी. गणितातच करायची हे आत्ताच मनाशी पक्कं असेल तर मात्र गणित मेजर कर. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा असते. तिचा गणिताचा पेपर ग्रुप थिअरी आणि अॅनालिसिसशिवाय सुटत नाही आणि मायनरमध्ये ग्रुप थिअरी बहुधा येत नाही. शिवाय बऱ्याच संस्थांची अट असते की तो विषय पदवीला अमुक इतकी सेमिस्टर घेतलेला हवा. ही अट संस्थेगणिक वेगळी असते, माहितीपुस्तिका स्वतः वाच, सीनिअरच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस. जॅमला दोन पेपर देता येतात, आणि अलीकडच्या वर्षांत गणित सकाळच्या सत्रात व फिजिक्स दुपारच्या सत्रात येत असल्याने एकाच दिवशी दोन्ही देणारी मुलं असतात. तीन-तीन तासांचे दोन पेपर, दमछाक होते. तरीही तू दोन्ही द्यावेस असं मला वाटतं. फिजिक्सच्या पेपरात मॅथेमॅटिकल मेथड्सचा स्वतंत्र भाग असतो, तयारी काही प्रमाणात एकमेकांत मिसळते.

चार वर्षांच्या ऑनर्सबद्दल थोडक्यात. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टर्सना मिळून ७५ टक्के लागतात. त्यामुळे एफ.वाय.ची एखादी एटीकेटी 'नंतर भरून काढू' म्हणून हलक्यात घेऊ नकोस.

दोन्ही विषय एकाच पदवीत रीतसर जोडलेले हवे असतील तर राज्याबाहेर बघावं लागेल. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये मॅथेमॅटिक्स अँड फिजिक्स या नावाचीच बी.एस्सी. ऑनर्स आहे. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून, आणि ती परीक्षा बारावी बोर्डाच्या वळणाची नाही, सिद्धता लिहायला लावते. राज्यातच राहायचं तर अगदी तशी नाही, पण जवळ जाणारी ठिकाणं आहेत. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकून मग आपापली वाट धरतात. मुंबईत कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभागाबरोबर चालवलेलं सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस आहे, त्याची नेस्ट ही प्रवेश परीक्षा भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेबरोबर एकत्र होते. यंदाचे अर्ज हुकले असतील तर त्यासाठी घरी बसून वर्ष घालवावं असं मी म्हणणार नाही. साध्या कॉलेजातून बी.एस्सी. करून पुढे चांगल्या ठिकाणी गेलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले.

'गणितात शिरलीस की फिजिक्स सुटलं' असं घरी कोणी म्हणत असेल तर त्यांना डॉ. जयंत नारळीकरांचं शिक्षण सांग. कोल्हापुरात जन्म, वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, तिथूनच १९५७ मध्ये बी.एस्सी. आणि मग केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवीची परीक्षा. आकाशातल्या ताऱ्यांचं आणि विश्वाचं काम करणारा माणूस पदवीला गणित शिकला, कारण केंब्रिजमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्र गणिताच्याच छत्राखाली शिकवतात. आपल्याकडे रँग्लर म्हटलं की परांजपे आठवतात, ती पदवी याच ट्रायपॉसची. फिजिक्स आणि गणित यांच्यामध्ये जी भिंत आपण गृहीत धरतो ती आपल्या विद्यापीठांच्या विभागरचनेतून आली आहे.

सुट्ट्यांचा वापर मात्र कर. एम.टी.टी.एस. नावाचा गणिताचा उन्हाळी कार्यक्रम १९९३ पासून चालतो. साधारण चार आठवडे, आणि तिथे फळ्यावर सिद्धता लिहून देत नाहीत, तुमच्याकडून काढून घेतात. फिजिक्ससाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एन.आय.यू.एस. कार्यक्रम आहे. एका उन्हाळ्यात गणित, दुसऱ्यात फिजिक्स, असं आलटून-पालटून अर्ज केलेस तर मेजर-मायनरचा निम्मा गोंधळ तिथेच मिटेल, कारण सोबतची मुलं कशावर बोलताना रात्री जागतात आणि त्यातलं तुला काय ऐकावंसं वाटतं ते तुला तिथे कळेल.

नोकरीचं विचारलं नाहीस, पण घरच्यांनी विचारलं असेल. शिक्षकी पेशाला गणित-विज्ञान ही जोडी शाळांना हवीच असते, बी.एड. करावं लागेल. डेटाच्या कामाला लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी लागते, ती गणितातून येते. आकड्यांकडे संशयाने बघायची सवय लागते, ती प्रयोगशाळेतून. पायथॉन दोन्हीकडे उपयोगी. वर सांगितलेला पेंड्युलम ३०, ६०, ९० अंशांना पायथॉनमध्ये सोडवून बघ. अनुक्रमे १.७, ७.३ आणि १८ टक्के फरक यायला हवा. आला की तुझा प्रोग्रॅम बरोबर. यापलीकडे पगाराचे आकडे सांगणाऱ्यांचे व्हिडिओ पाहण्यात वेळ घालवू नकोस.

आता न्यूमरिकल्स. गणित चांगलं आणि न्यूमरिकल्स कच्ची, असं असताना अडचण आकडेमोडीत नसते. मजकुरातून समीकरण उभं करण्यात असते. गणिताच्या पेपरात समीकरण आयतं मिळतं, इथे ते तुला लिहायचं असतं. यावर उपाय आहे, फक्त सवय मोडावी लागते. प्रश्न वाचल्यावर सूत्र शोधायला लागू नकोस. आकृती काढ, प्रत्येक वस्तूवरची बलं बाणांनी दाखव आणि आकडे बाजूला ठेवून अक्षरांतच उत्तर काढ. मग टोकाच्या परिस्थितीत ते तपास. कप्पीवरून टाकलेल्या दोरीला दोन वजनं, एम-वन आणि एम-टू. प्रवेग काढला तर येतो: एम-वन वजा एम-टू, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले जी. दोन्ही वजनं सारखी केली तर शून्य यायला हवा, येतो. एक वजन काढूनच टाकलं तर दुसरं मोकळं पडायला हवं, म्हणजे प्रवेग जी यायला हवा, येतो. तुझ्या उत्तरात छेदात बेरजेऐवजी वजाबाकी आली असती तर सारख्या वजनांना शून्य भागिले शून्य झालं असतं आणि उत्तरपत्रिका न बघताच चूक सापडली असती. अकरावीच्या पुस्तकातली गतिशास्त्राची सगळी गणितं कॉलेज सुरू होईपर्यंत अशी अक्षरांत काढ, आकडे शेवटच्या ओळीतच घाल.